तुम्ही विचारलंत म्हणून: नाव सांगणारा चष्मा आणि रिकामी खुर्ची

“समोर कोण उभं आहे ते सांगणारा चष्मा आता मिळतो, मग तुम्ही तो का लावत नाही?” मला दिसत नाही, म्हणून हा प्रश्न डोळस स्नेही मला वारंवार विचारतात. लावून पाहिला होता, आणि काही महिन्यांत काढूनही ठेवला.

चष्म्याच्या दांडीवर बसणारा ऑरकॅम या कंपनीचा छोटा कॅमेरा साठवलेले चेहरे ओळखून कानात नाव सांगतो. मायक्रोसॉफ्टने 2017 मध्ये आणलेले ‘सीइंग एआय’ हे ॲप तर समोरच्याचे अंदाजे वय आणि चेहऱ्यावरचे भावही बोलून दाखवू लागले. मात्र ज्यांचे चेहरे मी साठवून ठेवणार, त्यांचे आवाज मला आधीच पाठ असतात. शेजारून न बोलता जाणाऱ्या परिचितापुरता त्याचा उपयोग आहे, हे मान्य. पण गप्पांत माझा कान आधीच कामात असतो, कारण शब्दांमागचा श्वास, थबकणे, मान वळली की बदलणारा आवाज हे सारे तोच टिपतो, आणि उपकरण नेमके त्याच वेळी त्याच कानात बोलू लागते. भाव ओळखण्याच्या दाव्यावर माझा विश्वास तर त्याहून कमी. भावना म्हणजे नेमके काय यावर शास्त्रज्ञांचे एकमत नाही, हे कारण देऊन 2022 मध्ये मायक्रोसॉफ्टनेच ती सोय सर्वसाधारण ग्राहकांसाठी बंद करण्याचे जाहीर केले.

माझी खरी अडचण वेगळीच आहे. एका समारंभात समोरचे गृहस्थ केव्हाच उठून गेले होते, आणि मी रिकाम्या खुर्चीला माझे मत तपशीलवार पटवून देत होतो. घोळक्यात “तुम्हाला काय वाटतं?” असे कोणी विचारले, की तो प्रश्न नजरेने कोणाकडे टाकला हे मला कळत नाही, मग एक तर दोघे एकदम बोलतो, नाही तर दोघेही गप्प बसतो. मायक्रोसॉफ्टच्या ‘प्रोजेक्ट टोकियो’ या संशोधनात, कोणी आपल्याकडे पाहत असल्यास सूचक ध्वनी देणारे, डोक्यावर घालायचे उपकरण तयार झाले होते. ती दिशा मला योग्य वाटते, फक्त ती सूचना कानाऐवजी त्वचेकडे जावी. अमेरिकेतील ॲरिझोना स्टेट विद्यापीठातील संशोधकांनी बोटांवरच्या कंपनांतून चेहऱ्यावरील हावभाव कळवणारा हातमोजा बनवला होता. मला तेवढेही नको. समोरचा माणूस अजून आहे आणि त्याचे तोंड माझ्याकडे आहे, एवढे मनगटावरच्या एका हलक्या थरथरीने समजले, तर तो पट्टा मी दिवसभर बांधून ठेवीन.

तोवर मी लांबलचक बोलताना मध्येच एखादा प्रश्न पेरतो. उत्तर आले नाही, तर वाक्य अर्धे सोडून देतो.