रेशमी मोहेरमध्ये 648 मणी : माझा अनुभव

स्टोल विणून होऊन महिना झाला, तरी मण्यांचं पाकीट दिसलं की माझी चिडचिड होते. पाकिटावर रंग छापलेला आहे, नंबर छापलेला आहे, वजनही आहे. छिद्र केवढं आहे ते मात्र कुठेही नाही. विणणाऱ्याला तर सगळ्यात आधी तेच कळायला हवं असतं. हे माहीत नसल्यामुळे माझे तीन आठवडे गेले. आणखी कोणाचे जाऊ नयेत म्हणून सविस्तर लिहिते आहे.

बेत साधा होता. स्टोलचा मधला भाग मेरिनो आणि कश्मिरी लोकरीच्या मिश्र धाग्यात, दोन्ही टोकांना रेशमी मोहेरची जाळीदार पट्टी, आणि त्या पट्टीत काचेचे मणी. एका ओळीत 36 मणी, मण्यांच्या ओळी 9, म्हणजे एका टोकाला 324 आणि दोन्ही मिळून 648. मधला भाग कसा विणला हे सांगण्यासारखं फारसं नाही, तो सरळ होत गेला. मेरिनो बोटांना ऐकते. टाका थोडा सैल-घट्ट झाला तरी धुतल्यावर ती सावरून घेते.

मोहेरचं तसं नाही. मोहेर अंगोरा शेळीची असते. अंगोरा नावाची लोकर मात्र सशाची, आणि या दोन्हींत लोक नेहमी गोंधळतात. मी घेतलेला धागा करडांच्या मऊ मोहेरचा होता, आत रेशमाचा बारीक गाभा. 25 ग्रॅमच्या गुंड्यात 210 मीटर धागा! हातात धरला की वजनच जाणवत नाही. त्या रेशमी गाभ्याभोवती मोहेरचे लांब केस अडकवलेले असतात आणि त्यांची झळाळी इतकी सुंदर असते की त्यासाठी पुढचा सगळा त्रास मी पुन्हाही काढेन.

मण्यांचा नंबर जितका मोठा तितका मणी लहान, हे मला ठाऊक होतं. 11 नंबरचा साधारण 2 मिलिमीटरचा, 8 नंबरचा 3, 6 नंबरचा 4. इतक्या हलक्या धाग्याला 6 नंबर जड होईल म्हणून 8 नंबरचे घेतले. एका ग्रॅमला सुमारे 40 मणी बसतात, म्हणजे सगळे मिळून 16 ग्रॅमच्या आसपास. टोकांना एवढं वजन छान, पट्टी खाली नीट पडते. हिशेब इथपर्यंत बरोबर होता.

मग मी एका टोकाचे सगळे मणी आधीच धाग्यात ओवून घेतले. लहानपणी मावशीने तसंच शिकवलं होतं: बारीक सुईत शिवणाचा दोरा, त्या दोऱ्याच्या फासात लोकरीचं टोक, आणि मणी सुईवरून लोकरीवर सरकवायचे. गुळगुळीत सुती धाग्यावर ही पद्धत उत्तम चालते. मोहेरवर पहिले पन्नास मणी गेले, मग प्रत्येक मणी अडायला लागला. मला वाटलं, हाताला सवय होईल. दोन संध्याकाळी घालवून 324 मणी ओवले आणि टाके घातले.

पहिली मण्यांची ओळ झाली, दुसरी झाली. तिसऱ्या ओळीत काय चाललं आहे ते दिसायला लागलं. विणायला मोकळा धागा हवा म्हणून उरलेली सगळी माळ सारखी मागे ढकलावी लागते. त्यामुळे सुईवर येणाऱ्या प्रत्येक वितीवरून आधी दोनशे-अडीचशे मणी घासून गेलेले असतात. मण्याच्या छिद्राची कड केस पुढे लोटत नेते. काही अंतरावर त्या केसांची बोंडाएवढी गोळी होते, माळ तिथे रुतते, आणि गोळीच्या मागचा धागा उघडा पडतो. झळाळी गेलेला, दोऱ्यासारखा. विणलेल्या कापडात एक हात मऊ पिसासारखा आणि पुढची चार बोटं बोडकी, असं चित्र दिसत होतं.

गोळी सुटावी म्हणून मी माळ जरा जोरात ओढली. गाभा तुटला. सुईवर 73 टाके, विणलेले 108 मणी, आणि हातात 216 मण्यांची माळ लोंबकळत राहिलेली. काम खाली ठेवून मी खोलीतून उठून गेले.

रात्री ठरवलं, उसवायचं. मोहेर उसवणं म्हणजे काय हे ज्याने केलं आहे त्यालाच कळेल. साधी लोकर टोक धरून ओढली की सरसर निघते. मोहेरचे केस शेजारच्या टाक्यांत गुंततात आणि ओढलं की ते गाठीसारखे आवळतात. मी एकच टाका पंधरा मिनिटं सोडवत बसले होते. मग मावशीला फोन केला. तिने आधी विचारलं, "ओढलास का गं?" मी हो म्हणाले. "आता ओढू नकोस. प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून तास-दोन तास फ्रीझरमध्ये ठेव. आणि एकेक टाका मोकळा करताना आडवा आलेला केस कात्रीने काप, धागा नाही."

तिचं ऐकलं. गार झालेले केस खरंच कमी चिकटत होते, पण काम हातात पाच-दहा मिनिटं राहिलं की पुन्हा उबदार होतं, मग परत पिशवीत. असं करत तीन ओळी उसवायला चार दिवस लागले. टाका सुईच्या टोकाने वर उचलायचा, दिव्यासमोर धरायचा, कुठला केस त्यावरून आडवा गेला आहे ते बघायचं, लहान कात्रीच्या टोकाने तेवढाच कापायचा, आणि मग धागा आपोआप मागे येऊ द्यायचा. काळ्या कापडावर काम ठेवा, फिका मोहेर त्यावर नीट दिसतो. शेवटी तो धागा वापरण्याजोगा उरलाच नाही. नवा गुंडा घ्यावा लागला.

इथे एक गोष्ट आठवली म्हणून सांगते: गुंडे घेताना लेबलवरचा रंगाचा लॉट नंबर बघून एक गुंडा जास्तीचा घेऊन ठेवा. माझ्याकडे त्याच लॉटचा एक शिल्लक होता, म्हणून पट्टीचा रंग बदलला नाही.

दुसरा मार्ग मला आता कळला होता. मणी ओवायचेच नाहीत, विणता विणता टाक्यावर चढवायचे. क्रोशाच्या अगदी बारीक सुईवर मणी घ्यायचा, त्याच सुईच्या आकड्याने डाव्या सुईवरचा टाका उचलायचा, मणी खाली टाक्यावर सरकवायचा, टाका परत डाव्या सुईवर ठेवून विणायचा. धाग्याच्या त्या इवल्याशा फासावरून एकच मणी एकदाच जातो. त्यामुळे केस झडत नाहीत. शिवाय ओवलेला मणी दोन टाक्यांच्या मधल्या आडव्या धाग्यावर बसतो आणि सैल जाळीत मागच्या बाजूला पळतो. चढवलेला मणी टाक्याला मिठी मारून जिथल्या तिथे राहतो.

पण माझ्याकडची क्रोशाची सुई 1 मिलिमीटरची. ती 8 नंबरच्या मण्यात शिरेचना. शिरली तर धाग्यासकट बाहेर येईना. एक मणी फुटला, काच बोटात गेली. 0.6 मिलिमीटरची सुई मागवली आणि वाट बघणं सुरू झालं. विकणाऱ्याला दोनदा विचारलं, तुमच्या मण्यांना कुठली सुई लागते? उत्तर आलं, "8 नंबरचे आहेत." मला राग आला तो तेव्हा, आणि अजून तो गेलेला नाही. नंबर मण्याच्या बाहेरच्या मापाचा असतो. एकाच नंबरच्या दोन मण्यांची छिद्रं वेगवेगळी असू शकतात, आतून रंग किंवा मुलामा दिलेल्या मण्यांची तर आणखीच आवळलेली. माझे मणी आतून रंगवलेलेच होते. हे त्यांनी एका ओळीत सांगायला हवं होतं.

सुई यायला अकरा दिवस लागले. त्यातल्या नवव्या दिवशी मार्ग सापडला तो दात साफ करताना. ब्रेसेस असलेल्यांसाठी एक फ्लॉस मिळतो, त्याचं एक टोक कडक असतं आणि मधला भाग फुगीर. कडक टोकाने दहा-बारा मणी ओवून घेतले, ते फुगीर भागावर न घसरता थांबले. मग तेच टोक टाक्यातून घालून उलटं वळवलं आणि एक मणी दोन्ही पदरांवरून टाक्यावर उतरवला. मणी अलगद बसला. आजूबाजूचा एकही केस हलला नव्हता. मी तो टाका कितीतरी वेळ बघत राहिले. इतके दिवस जी झळाळी हरवत होती ती मण्याच्या दोन्ही बाजूंनी तशीच होती.

सुई आल्यावर मी दोन्ही वापरून बघितलं. सुईने वेग जास्त, पण अरुंद छिद्राच्या मण्याला फ्लॉसच चांगला. पूर्ण पट्टी फ्लॉसने विणली तरी चालेल. पाकिटातले दहापैकी एखाददुसरा मणी वाकडा किंवा बुजलेला निघतो, ते आधीच वेगळे काढा आणि मणी हिशेबापेक्षा थोडे जास्त घ्या.

मोहेरला धातूच्या सुया नको, टाके घसरतात. बांबूच्या 4 मिलिमीटरच्या सुयांवर मला बरं पडलं. दर मण्यांच्या ओळीनंतर सगळ्या टाक्यांतून एक गुळगुळीत सुती दोरा घालून ठेवायचा. पुन्हा उसवायची वेळ आली तर तिथे थांबता येतं. आधी मी हा कंटाळा केला होता, दुसऱ्या वेळी एकदाही नाही.

आणखी एक राहिलं, आणि खरं तर हे सगळ्यांत आधी करायचं. मण्यांचा रंग जातो का बघा. मी चार मणी ओल्या पांढऱ्या सुती कापडात गुंडाळून रात्रभर ठेवले होते. जांभळे निघाले ते नापास झाले, कापडावर ठिपके उमटले. फिक्या रेशमावर तो डाग पडला असता तर कुठल्याच उपायाने निघाला नसता. तसाच हातभर नमुनाही विणून, धुऊन, वाळवून बघा. मेरिनो धुतल्यावर फुलते, रेशीम ताणलं की परत येत नाही. दोन धागे एकाच कापडात एकमेकांशी कसे वागतात ते नमुन्यातच दिसतं.

दुसऱ्या टोकाची पट्टी सहा दिवसांत झाली. शेवटचा, 648 वा मणी बसवला तेव्हा संध्याकाळ होती आणि मी दिवाही लावला नव्हता, हाताला ते काम इतकं कळलं होतं. मला त्याचा फार अभिमान वाटला.

धुताना कोमट पाण्यात वीस मिनिटं बुडवून ठेवा, पिळू नका, टॉवेलमध्ये गुंडाळून दाबा. उचलताना दोन्ही हात पूर्ण कापडाखाली घाला, कारण ओल्या कापडात टोकाचे मणी पट्टी खाली ओढतात. सपाट पसरून, टाचण्या लावून वाळवा. आणि वापरात नसेल तेव्हा टांगू नका. मी मण्यांची टोकं आत घेऊन सैल घडी घालते, मधे एक जुनी मलमलची पट्टी ठेवते, म्हणजे मणी मोहेरच्या केसांत अडकत नाहीत.