मामा तलावावरचा मामा आणि तीर्थनचा ट्राउट

रविवार, रात्र

आज मामाच्या हातात पहिल्यांदा फ्लाय रॉड (पिसांचा खोटा किडा, म्हणजे फ्लाय, फेकून मासा धरायची काठी) दिला आणि पहिल्या दहा मिनिटांत त्यानं शाळेमागची बाभूळ पकडली, माझा कान पकडला आणि कोणाच्यातरी बकरीचं शिंगही पकडून दाखवलं. नशीब की टोकाला हुक नव्हता, लाल लोकरीचा तुकडा बांधला होता. पोरं तर अशी हसत होती की मलाच लाज वाटायला लागली, मामाला मात्र काही नाही, तो शांतपणे बाभळीतून लाइन सोडवत म्हणतो, "बापू, हे मासोळी धराचं हाय का पतंग उडवाचं?"

तर प्लॅन असा आहे की या महिन्याच्या शेवटी मामाला घेऊन हिमाचलला जायचं, तीर्थन नदीवर, ट्राउट नावाच्या थंड पाण्यातल्या माशासाठी. मी चंदीगडला नोकरीत होतो तेव्हा ऑफिसमधल्या एकानं मला हा नाद लावला, सहा वर्षांत आठ-नऊ वेळा तरी गेलो असेन, मग गावाकडं परत आलो, धानाची शेती बघायला लागलो आणि रॉड ट्यूबमध्ये घालून माळ्यावर फेकून दिला तो दिलाच. मागच्या उन्हाळ्यात मामाला मोबाइलमधले जुने फोटो दाखवत होतो, नदी, दगड, ते पिवळट अंगावर लाल-काळे ठिपके असलेले मासे, तर त्यानं एका फोटोवर बोट ठेवलं आणि बराच वेळ काढलंच नाही. "हे पाणी एवढं साफ कसं काय गा?" मासोळीबद्दल नाही, पाण्याबद्दल विचारलं. तिथंच माझं ठरलं.

आता मामाला नवशिका म्हणायचं म्हणजे माझी जीभ जड होते. 58 वर्षांचा माणूस, त्यातली पन्नास वर्षं गावच्या तलावाच्या पाळीवर गरी टाकून बसलेला. आमच्या भंडारा-गोंदियाकडं हे तलाव ठायी ठायी, गोंडराजांच्या काळापासून कोहळी लोकांनी बांधत आणलेले, कागदोपत्री माजी मालगुजारी तलाव, म्हणून बोलताना सरळ 'मामा तलाव'. (यावरून मामाची चेष्टा करायची राहिलेली एकही पद्धत आता शिल्लक नाही.) मासेमारीचा ठेका सोसायटीकडं असतो पण मामाचं ढिवर (मासेमार) मंडळींशी चांगलं जमतं, त्यामुळं एका कोपऱ्यात तो बसला तर कोणी उठवत नाही. गांडूळ कोणत्या मातीत मिळतो, मरळ कोणत्या गवताखाली दबा धरून असते, रोहू चाऱ्याला नुसतं नाक लावून जातो तेव्हा बोटाला कसं कळतं, हे सगळं त्याला येतं. फक्त फ्लाय फिशिंग येत नाही. आणि जे येतं तेच त्याला आड येतंय, हा माझा आजचा शोध.

कारण गरी फेकताना वजन टोकाला असतं, शिसं असतं, ते पुढं जातं आणि दोरी त्याच्या मागं जाते. फ्लायला वजनच नाही, चिमूटभर पिसं आणि दोरा. इथं वजन असतं लाइनीला, ती जाड लाइनच मागं-पुढं उडवून फेकायची आणि फ्लाय बिचारी तिच्या शेपटाला धरून जाते. म्हणून लाइन मागं पूर्ण सरळ होईपर्यंत थांबावं लागतं. घड्याळाच्या भाषेत पुढं दहावर थांब, मागं एक-दोनवर थांब. मामा मागं थांबतच नाही. त्याला वाटतं मागं नेलं की लगेच पुढं मारायचं, काठी चाबकासारखी वाजते, लाइन डोक्यावर वेटोळं करून पडते. मी दहा वेळा सांगितलं "मामा, मागं थांब", तो अकराव्यांदा चिडला, "मागं का हाय थांबाले? मासोळी पुढं हाय ना!"

शेवटी मलाच सुचलं. त्याला म्हटलं, तुतारी (बैल हाकायची काठी) उचलून बैलाला नुसती दाखवतो ना, मारत नाहीस, तसा हात. पुढं जोर नको, फक्त थांबव. मग दोन-तीनदा जमलं. एकदा तर लाइन अशी सुरेख उलगडत गेली की लोकर पुढच्या गवतावर अलगद बसली आणि मामा काहीच बोलला नाही, नुसता माझ्याकडं बघून मिशीत हसला. आमच्याकडं मामा भाच्याच्या पाया पडतो, त्यामुळं भाच्याकडून शिकायला त्याला कमीपणा वाटत नाही, पण मला शिकवताना वाटतो हे खरं आहे. काकांना नसतं शिकवता आलं मला.

रॉड 9 फुटी, 5 वेटचा (म्हणजे मध्यम वजनाच्या लाइनीचा), चार तुकड्यांचा, मामासाठी नवीन ऑनलाइन मागवला तर टोकाचा तुकडा मोडूनच आला, आता परत पाठवायचं लफडं, तोपर्यंत माझा जुना त्याच्याकडं. रील, तरंगणारी लाइन, 9 फुटी लीडर (लाइनीच्या टोकाचा बारीक दोरा), पुढं टिपेट (त्याहून बारीक). गाठीचं मात्र उलटंच झालं. मी त्याला क्लिंच गाठ दाखवायला बसलो, पाच वेढे, टोक आतून काढ, थुंकीनं ओलं कर आणि मग ओढ, नाहीतर घर्षणानं दोरा गरम होऊन कमजोर पडतो. त्यानं माझं सगळं ऐकून घेतलं आणि स्वतःची गरीची गाठ मारली, चष्मा न लावता. दोन्ही ओढून बघितल्या. माझी तुटली. त्याची नाही. हा विषय मी तिथंच संपवला.

तारखांचं म्हणाल तर सगळं पोळ्यावर आणि पावसावर बसवलंय. अधिक मासामुळं यंदा पोळा उशिरा, त्याच्या आधी मामा हलूच शकत नाही, बैलजोडी आहे घरची. धान आता पोटरीत येतंय, रोवणी-निंदण झालं, कापणी लांब आहे, म्हणजे मधले पंधरा दिवस शेतकऱ्याला श्वास घेता येतो. तिकडं हिमाचलात जुलै-ऑगस्टला जाण्यात अर्थ नाही, नदी गढूळ असते आणि दरडी कोसळतात, 2023 च्या जुलैत कुल्लू-मंडीकडं बियासला जो पूर आला तो बघून तर आता कोणी पावसाळ्यात म्हटलं की मी हातच जोडतो. 17 सप्टेंबरच्या आसपास राजस्थानातून पाऊस परतायला लागतो, मग हिमाचलातून जातो, नदी खाली येते, पाणी हिरवट काचेसारखं होतं. आणि 1 नोव्हेंबरपासून फेब्रुवारीअखेर ट्राउट बंद, अंडी घालायचे दिवस. म्हणजे सप्टेंबरचा शेवट आणि ऑक्टोबर एवढीच खिडकी. नवरात्राचे घट बसायच्या आत घरी पोचायचं, ही मामीची अट.

गोंदियाहून छत्तीसगड एक्सप्रेसनं अंबाल्यापर्यंत, तिथून चंदीगडला जाऊन कुल्लूची बस, बोगद्याआधी औटला उतरायचं, मग बंजारकडं जीप. मामाची दोन तिकिटं आरएसी आहेत. दोन म्हणजे जायचं आणि यायचं. मत्स्य खात्याचं परमिट तिथं पोचून काढू.

मला खरी भीती आहे ती पाण्यात उतरायची. मामा पट्टीचा पोहणारा आहे आणि तेच धोक्याचं आहे, तलावात पोहणाऱ्याला वाटतं पाणी म्हणजे पाणी. नदीचं पाणी ढकलतं, आणि खालचे दगड शेवाळलेले गोल, वर थंडी अशी की दहा मिनिटांत पायाची बोटं आपली वाटत नाहीत. म्हणून नियम एकच केलाय, टोंगळ्याच्या (गुडघ्याच्या) वर पाणी नाही. हातात काठी पायजेच, प्रवाहाकडं तोंड करून सरकत जायचं, पाय एकमेकांवर टाकायचे नाहीत. आणि पाण्याचा रंग बदलला किंवा काड्या-पाला वाहत यायला लागला की वर कुठंतरी पाऊस झालाय, मासोळी लागलेली असली तरी दोरा तोडून बाहेर. मामा म्हणे, "नाल्याले पूर येते तसंच ना?" हो, तसंच. नाल्याचा पूर त्याला मी शिकवायची गरज नव्हती.

दुपारी तलावावर गेलो तेव्हा मी थर्मामीटर काढला, तर दोन वाजता काठाचं पाणी 32 अंश. ट्राउटला 20 च्या वर अस्वस्थ व्हायला होतं, थंड पाण्यात ऑक्सिजन जास्त विरघळतो आणि त्याला तेवढा लागतो. मामानं विचारलं मग ही मासोळी तिथलीच का. म्हटलं नाही, इंग्रजांनी 1900 साली विलायतेहून अंडी आणून काश्मीरात वाढवली आणि 1909 च्या सुमाराला कुल्लूकडं आणली, पुढं पतलीकुहलला नॉर्वेच्या मदतीनं मोठं केंद्र झालं. मला वाटलं हे ऐकून चाट पडेल. "म्हंजे बीज सोडलं मन ना," एवढंच म्हणाला. दरवर्षी तलावात कटल्याचं बीज पडताना बघणाऱ्याला त्यात काय विशेष.

सगळ्यात अवघड गोष्ट अजून राहिली होती. मी त्याला सांगितलंच नव्हतं की आपण मासे सोडून देणार. आज चहा पिताना बोललो एकदाचं. हुकाचा काटा चपटा करायचा, हात ओला करून मासा धरायचा कारण कोरड्या हातानं अंगावरचा बुळबुळीत थर निघतो, पाण्यातच ठेवून हुक काढायचा, तोंड प्रवाहाकडं करून धरून ठेवायचा, स्वतःहून जाईपर्यंत.

मामा बराच वेळ बशीतला चहा फुंकत बसला.

"दोन हजार किलोमीटर जाचं. थंड्या पाण्यात उभं रायचं. मासोळी लागली त सोडून देचं."

"हो."

"मंग सांगाचं का घरी येऊन?"

माझ्याकडं उत्तर नव्हतं. मग मामीच आतून बोलली, त्या तारखांना पित्तरं चालू असतात, तसंही खाता येणार नाही. मामानं भिंतीवरचं कॅलेंडर बघितलं, बोटानं मोजलं, आणि चेहरा एकदम मोकळा झाला. "मंग बराबर हाय. पित्तरात खाचीच नाही त सोडाले का होते." इतके दिवस मी जे कसं समजावायचं म्हणून झोप घालवली ते पंचांगानं अर्ध्या मिनिटात उरकलं. मीही ताणलं नाही. कारण काही का असेना.

तान्हा पोळा, संध्याकाळ

बाहेर पोरांचे लाकडी नंदी फिरतायत, कल्ला चालू आहे, मी ओट्यावर बसून लिहितोय.

सकाळी मामा आला तो काडेपेटी घेऊन. उघडली तर आत नाकतोडा, जिवंत, हिरवा. झालं असं की परवा त्यानं विचारलं होतं, ट्राउट काय खाते, आणि मी त्याला सांगितलं होतं की तो येणाऱ्या प्रवाहाकडं तोंड करून दगडाच्या आडोशाला, जोराचं पाणी आणि सावकाश पाणी जिथं एकमेकाला घासतं त्या रेघेवर उभा राहतो आणि प्रवाह जे आणून देईल ते टिपतो, आणि पावसाळा सरताना काठावरच्या गवतातून नाकतोडे पडतात पाण्यात, तेव्हा नाकतोड्याची मोठी फ्लाय चालते. त्याच्या डोक्यात तेवढंच राहिलं. बांधीवरून धरून आणला. "हा तिकडचा नसन, पण मापाले चालते का पाय."

मग आम्ही बसलोच. मी हुक चापात धरला, पिवळा दोरा गुंडाळला. अंगासाठी फोम नव्हता तर मामानं जुन्या स्लिपरचा तुकडा कापून दिला, ब्लेडनं काडीएवढा, तो पाण्यावर तरंगतोय की नाही ते बादलीत टाकून बघितलं. पंखाला कोंबड्याच्या मानेचं तपकिरी पीस. पायाला रबराचा धागा मी काढत होतो तर मामा नाकतोडा जवळ धरून म्हणतो थांब, मागचा पाय असा सरळ नसतो, टोंगळ्यात मोडलेला असतो, आणि त्यानं पिसाच्या काडीला मधे गाठ मारून बरोब्बर तो कोन आणला. मी सहा वर्षं बाजारातल्या फ्लाय वापरल्या, नाकतोड्याचा गुडघा कधी नीट बघितला नव्हता.

आणि नदीवर फ्लाय वाहत्या पाण्याच्याच वेगानं गेली पायजे, लाइनीनं ओढली की मासा तोंड फिरवतो, हे सांगायला मी तोंड उघडलं तर तो आधीच म्हणाला, "मेलेला नाकतोडा पाण्यात का पोहून जाते का, वाहूनच जाईन." मी वही मिटली. वहीत मी त्याच्यासाठी अकरा मुद्दे लिहून ठेवले होते.

फ्लायच्या डोक्यावर गोंद लावून ती वाळायला ओट्यावर ठेवली. मामा पान लावायला वळला, मी दोरा गुंडाळत होतो, तेवढ्यात मामीची तांबडी कोंबडी आली, मान वाकडी करून बघितलं आणि चोच मारली. दोघंही एकदम ओरडलो. मी तिला धरलं, मामानं चोचीतून ओढून काढली, काटा आधीच चपटा केला होता म्हणून कोंबडी वाचली. एक पाय मात्र गेला, मामानं बांधलेलाच.

मामा त्या लंगड्या नाकतोड्याकडं बघत होता, भलताच खूश.

"पास झाला," म्हणे.

रात्री अजून सहा बांधायच्या आहेत. स्लिपरचा दुसरा पाय मामीनं लपवून ठेवलाय.