वैरागच्या बांधावरचा वांडा

रानातलं ऑर्किड बघायचं तर आंबोलीला नाहीतर कासला जायचं, हे आम्हा सोलापूरकरांच्या डोक्यात पक्कं बसलेलं. वर्षाला साडेपाचशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडणाऱ्या जिल्ह्यात कुठलं आलंय ऑर्किड! म्हणून बार्शीच्या एका वनस्पतीशास्त्राच्या सरांचा फोन आला, "वैरागकडं वांडा फुललाय, लगेच या," तेव्हा दुसऱ्या दिवशी पहाटेच गाडी काढली. वांडा म्हणजे झाडाच्या फांदीवर वाढणारं एक ऑर्किड.

मृगाचा पाऊस नुकताच पडून गेला होता. बार्शी रस्त्यावर नान्नजच्या माळावर काळवीट चरत होते. हा माळ माळढोकामुळे नावाजलेला, पण तो पक्षी आता तिथं दिसणं फारच अवघड. वडाळा मागे पडला आणि वैरागच्या अलीकडे सर भेटले. गावाचं नाव मुद्दाम लिहीत नाही. फोटो पाहून झाडावरचं ऑर्किड ओरबाडून नेणारे लोक आहेत.

शेताच्या बांधावर जुना गावरान आंबा. त्याच्या आडव्या फांदीवर, डोक्याच्या जरा वर, वांडा टेसेलाटा. पट्ट्यासारखी जाड पानं दोन्ही बाजूंना ओळीनं निघालेली आणि मधून फुलांचा तुरा. पाकळ्या पिवळसर हिरव्या, त्यांवर तपकिरी रेषांची जाळी, पाठीमागून मात्र पांढऱ्या. खालची ओठासारखी पाकळी जांभळी-निळी. ऊन चढलं तसा मंद गोड वास यायला लागला. वनस्पतीशास्त्रज्ञ विल्यम रॉक्सबर्ग यांनी १७९५ साली याचं शास्त्रीय वर्णन केलं. देशात हा बऱ्याच ठिकाणी आढळतो, पण आमच्या भागात तो शोधावा लागतो.

मी सगळ्यात जास्त वेळ बघत बसलो ती मुळं. जाडसर, राखाडी, सालीला घट्ट चिकटलेली, काही हवेत लोंबणारी. सरांनी बाटलीतलं पाणी एका मुळावर शिंपडलं आणि बघता बघता राखाडी मूळ हिरवं झालं. मुळावरचं स्पंजासारखं आवरण पावसाचं, दवाचं पाणी शोषून घेतं. पानांची रंध्रं रात्री उघडतात, दिवसा मिटलेली राहतात, त्यामुळे पाणी उडून जात नाही. सोलापूरच्या एप्रिल-मेमध्ये हे झाड फांदीवर, मातीशिवाय कसं तगतं, ते तिथं उभं राहून समजलं.

शेतमालक मामा तोवर येऊन शेजारी उभे राहिले होते. म्हणाले, "आम्ही तर बांडगूळ म्हणून कोयत्यानं काढून टाकतो की ओ सर."

सरांनी त्यांना फांदीजवळ नेऊन दाखवलं. बांडगूळ लाकडात शिरून झाडाचं पाणी पितं. हा फक्त सालीला धरून बसतो, आंब्याचं काही घेत नाही. मामांनी मुळावरून बोट फिरवलं, म्हणाले, "मग ऱ्हाऊ द्या. पण झाडच जाणार हाय बघा. भावाभावांत वाटणी झालीया, बांध मोडायचाय. लाकूडवाला येऊन बघून गेला."

खरी गोम इथं आहे. वांड्याच्या एका शेंगेत धुळीसारखं असंख्य बी असतं, पण त्या बियांत अन्नाचा साठाच नसतो. योग्य बुरशी भेटली तरच ते रुजतं, आणि फुलावर यायला पुढं कैक वर्षं. त्याला खडबडीत सालीचं जुनं झाड लागतं. रस्ता रुंद झाला, बांध मोडला, की तेच आधी तुटतं. बंगालकडे याची मुळं रास्ना म्हणून औषधात वापरतात, त्यासाठी ओरबाडणंही होतं. ऑर्किडचं सगळं कुळ साइटिस या रानटी प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावरच्या करारात आहे, पण तो करार आंतरराष्ट्रीय व्यापारापुरता. बांधावरच्या आंब्याला त्याचा काय उपयोग?

वळवात मोडून पडलेल्या एका फांदीवर वांड्याचा छोटा झुबका अजून जिवंत होता. सरांनी तो सालीसकट सोडवला आणि मामांच्या नातवाला हाताशी घेऊन शेजारच्या बाभळीवर, अर्ध्या सावलीच्या बाजूला, सुतळीनं बांधला. मुळं वर्षभरात साल धरतील, मग सुतळी कुजून गेली तरी चालतं. तुमच्या शिवारात असं झाड पडलं तर एवढं नक्की करा, आणि पावसाळ्याच्या तोंडावर करा.

जेवायला मामांनी सोडलं नाही. कडक भाकरी, शेंगाचटणी, कांदा. निघताना म्हणाले, "रविवारी या. भाऊ असतोय घरी, तुमीच समजावून सांगा त्याला." सरांनी होकार दिला आहे. मीही जाणार आहे.