दगडातला नेचा

सुवर्णमहोत्सवाच्या स्मरणिकेसाठी मनोगत पाठवा, असा निरोप आला आणि त्या रात्री मला झोप लागली नाही. प्रार्थनेची घंटा, लिंबाखालचा हौद, मधल्या सुट्टीतल्या चिंचा, लिहायला खूप आहे. पण लेखणी हातात घेतली की बाईच समोर येतात. आपल्या शाळेत नुसतं 'बाई' म्हटलं तरी कोणत्या बाई, हे कुणी विचारत नाही.

किल्लारीच्या भूकंपाच्या आदल्या वर्षी, १९९२ साली, मी सातवीत होतो. जीवाश्म म्हणजे काय हे आम्हाला बाईंच्या देवघरातून कळलं. एक दिवस लाल फडक्यात गुंडाळून त्यांनी घरचा शाळिग्राम आणला. "हात धुऊन या," म्हणाल्या आणि एकेकाच्या ओंजळीत तो ठेवला. काळा, गुळगुळीत, अंगापेक्षा जड. एका बाजूला कपचा उडालेला, आत वाटोळं चक्र आणि चक्रावर बारीक कंगोरे. "हे चक्र म्हणजे एका समुद्री जिवाचा शंख. अमोनाइट त्याचं नाव. नेपाळात गंडकी नदीत हे दगड सापडतात. आज तिथं हिमालय आहे, पण सुमारे १५ कोटी वर्षांपूर्वी तिथं समुद्र होता." मग खिडकीबाहेरच्या बालाघाटाच्या डोंगराकडे बोट करून म्हणाल्या, "आपला हा काळा पाषाण साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हा होऊन वाहत होता, आणि त्याच सुमारास हे अमोनाइट जगातून संपले." वर्गात चाळीस पोरं होतो, एकाचाही आवाज नव्हता.

दुसऱ्या दिवशी मांजरा नदीच्या काठची चिकण माती आणायला लावली. तिचा पेढा करून त्यावर शिंपला दाबायचा, शिंपला अलगद काढायचा आणि खळग्यात प्लास्टर ऑफ पॅरिस ओतायचं. वाळल्यावर माती सोडवली की पांढरा शिंपला हातात. जीव मेला की तो लवकर गाळाखाली गाडला जायला हवा, उघड्यावर राहिला तर कुजून, विरून जातो. वरून थरावर थर बसतात, गाळाचा दगड होतो. शंख विरघळला तर त्याचा साचा उरतो, नाहीतर पाण्यातले क्षार हाडाच्या छिद्राछिद्रांत भरून हाडच दगड होतं. आपल्याच मांजराच्या खोऱ्यात हत्तींचे आणि पाणघोड्यांचे असे जीवाश्म मिळालेत, हे ऐकल्यावर आम्ही सुट्टीत नदीच्या दरडी हुडकत हिंडायचो. "दगडं काय गोळा करालास रे?" म्हणून आई ओरडायची.

तेव्हाच मला तो दगड सापडला. शेजारच्या मळ्यात विहिरीला सुरुंग लावले होते. त्या ढिगात एक चिरफळलेली कपरी होती आणि तिच्या सपाट अंगावर काळंभोर नेच्याचं पान! धापा टाकत शाळेत आलो. मुख्याध्यापकांनी पाठ थोपटली, तालुक्याच्या प्रदर्शनाला पाठवायचं ठरलंसुद्धा.

बाईंनी बराच वेळ भिंगातून पाहिलं. मग मला शाळेच्या विहिरीतला खराखुरा नेचा तोडून आणायला लावला आणि दोन्ही शेजारी ठेवले. "मधली शीर दाखव." खऱ्या पानाला होती. माझ्या पानाला नव्हती. नुसतेच फाटे, आणि त्यांना पुन्हा फाटे. "लाव्ह्यात पान पडलं तर जळून जाईल. त्याला गाळ लागतो. लाव्ह्याच्या दोन थरांमध्ये तळी साचली, त्यांच्या गाळात नागपूर-छिंदवाड्याकडे झाडांचे जीवाश्म मिळतात. हा मात्र भेगेत मुरलेल्या पाण्यातला मँगनीज. तोच असा पसरत जातो."

माझ्या डोळ्यांत पाणी आलं. बाईंनी तो दगड टाकून दिला नाही. प्रयोगशाळेच्या काचेच्या कपाटात शिंपल्यांच्या शेजारी ठेवला आणि आपल्या टपोऱ्या अक्षरात चिठ्ठी लावली: 'जीवाश्म नव्हे. मँगनीजची नक्षी.' खाली शोधणारा म्हणून माझं नाव. छापल्यासारखं माझं नाव मी पहिल्यांदा तिथं पाहिलं.

आज मी जिल्हा परिषदेच्या शाळेत विज्ञान शिकवतो. जिल्हास्तरावर माझ्या मुलांना दोनदा बक्षीस मिळालं, त्यातला शब्दन् शब्द बाईंचा आहे. पण गावी गेलो की जीव तुटतो. ज्या दरडीत आम्ही हाडं शोधायचो ती वाळूच्या उपशात गेली. आता तिथं नुसता खड्डा आहे. जुनी प्रयोगशाळा पाडली तेव्हा ते कपाटही गेलं, चिठ्ठीही गेली. दगड तेवढा शिपाईमामांनी जपून ठेवला आणि माझ्या लग्नात आणून दिला.

दरवर्षी सहावीच्या वर्गात तो दगड आणि भिंग मी काही न सांगता फिरवतो. मुलं "पान, पान" म्हणतात. यंदा शेवटच्या बाकावरची एक मुलगी बराच वेळ पाहत राहिली आणि म्हणाली, "सर, ह्याला मधली शीर नाही."

त्याच संध्याकाळी मी बाईंना फोन लावला.