लॉक गावात घालवलेला रविवार

आज कॅलिफोर्नियातल्या सॅक्रामेंटोवरून नदीकाठच्या रस्त्याने खाली येताना लॉकला थांबलो. एकच मेन स्ट्रीट, तीही इतकी अरुंद की समोरून गाडी आली तर आपलीच बाजूला घ्यावी लागते, आणि दोन्ही बाजूंना वाकलेली दुमजली लाकडी घरं. गावाला नगरपालिका नाही, महापौर नाही, सगळा कारभार काउंटी, म्हणजे जिल्हा प्रशासन, बघते.

१९१५ मध्ये शेजारच्या वॉलनट ग्रोव्हमधली चिनी वस्ती जळाली, तेव्हा तिथल्या काही लोकांनी जॉर्ज लॉक नावाच्या जमीनमालकाकडून तोंडी बोलीवर जागा भाड्याने घेतली आणि गाव उभं केलं. विकत का नाही घेतली? कारण कॅलिफोर्नियाच्या १९१३ च्या कायद्याने त्यांना जमीन घ्यायलाच बंदी होती. म्हणजे घर माझं पण खालची माती दुसऱ्याची!! आणि ज्या बांधांमुळे हा सगळा डेल्टा शेतीखाली आला ते बांध घालताना चिखलात उभे राहिले ते चिनी मजूरच, हे वाचलं आणि खरंच पोटात तुटलं.

तो कायदा १९५२ मध्ये कोर्टाने रद्द ठरवला, पण घराखालची जमीन घरवाल्यांच्या नावावर व्हायला २००४ उजाडलं. तोवर बहुतेकांची मुलं शिकून शहरात गेली होती.

जुन्या जुगारखान्याचं म्युझियम आहे ते बघाच. मी मात्र जास्त वेळ चिनी शाळेतल्या लाकडी बाकांपाशीच रेंगाळलो, निघवतच नव्हतं.