शनिवारवाडा ते टिळक रोड, दुपारी साडेबारा वाजता

पेठांत चारचाकी घालू नये, हे आम्हा नगर रोडवाल्यांना पाठच असतं. पण वहिनीचा पाय प्लास्टरमध्ये, भाऊ फिरतीवर आणि मुलांचे रिक्षाकाका लग्नासाठी गावाला, असं सगळं एकदम जुळून आलं आणि भाचा-भाचीची ने-आण माझ्या गळ्यात पडली. भाच्याची सकाळची शाळा अप्पा बळवंत चौकाच्या आसपास, भाचीची दुपारची शाळा टिळक रोडच्या बाजूला. एकाची सुटायची आणि दुसरीची भरायची वेळ जवळपास एकच. म्हणजे शिवाजीनगरहून भाचीला घेऊन निघायचं, वाटेत भाच्याला उचलायचं आणि पुढे तिला सोडायचं. अंतर म्हणाल तर किरकोळ. पण शाळांच्या गर्दीतून गाडी कशी न्यावी याची शिकवणीच घ्यायची असेल तर पुण्यात याहून बरा रस्ता नाही.

नव्या पुलावरून शनिवारवाड्याशी आलं की बाजीराव रस्त्याला लागायचं. रस्ता एकेरी, त्यामुळे एकदा आत शिरलात की मागे फिरणं नाही. अप्पा बळवंत चौक, नूमवि शाळा, लक्ष्मी रस्त्याचं क्रॉसिंग, विश्रामबागवाडा, शनिपार, पुढे सरस्वती मंदिर शाळा आणि मग टिळक रोड. एवढ्या पट्ट्यात आणि दोन्ही बाजूंच्या गल्ल्यांत किती शाळा आहेत बघा : रमणबाग, अहिल्यादेवी, हुजूरपागा, आणि क्लासेस वेगळेच. साधारण बारा ते एकच्या दरम्यान सकाळची पाळी बाहेर येते आणि दुपारची आत जाते. दोन्ही लोंढे एकाच फाटकापाशी समोरासमोर. २०२४मध्ये शिक्षण खात्याने चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी नऊच्या आधी भरवू नका असं सांगितलं, त्यानंतर काही शाळांच्या वेळा सरकल्या. तेव्हा जुन्या आठवणींवर विसंबू नका. ज्या शाळेशी काम आहे तिची आजची वेळ विचारून घ्या.

अप्पा बळवंत चौकात पुस्तकांच्या गठ्ठ्यांचे टेम्पो, हातगाड्या आणि दुकानांसमोर दुहेरी लावलेल्या दुचाक्या. तिथे गाडी चालण्याच्या वेगानेच सरकते. नवखा माणूस इथेच घाबरतो. माझं मत उलटं आहे : खरी कोंडी असते तेव्हा फारसा धोका नसतो. वैताग होतो, आरसा घासतो, कोणीतरी तोंडसुख घेतं, बस. सांभाळायचं ते कोंडी सुटल्यावर. घंटा होऊन गेलेली असते, व्हॅन आणि रिक्षा निघून गेलेल्या असतात, समोर एकदम पन्नास-साठ मीटर मोकळा रस्ता दिसतो आणि इतका वेळ अडकलेला प्रत्येक जण ॲक्सिलरेटर दाबतो. नेमक्या त्याच वेळी उशीर झालेली पोरं पळत येतात. त्यांचं लक्ष बंद होणाऱ्या फाटकाकडे असतं, तुमच्याकडे नसतं.

हे मी शनिपारच्या पुढे समोरच बघितलं. डावीकडे रिक्षा उभी होती. आपल्याकडच्या रिक्षेला उजव्या बाजूने आडवा दांडा असतो, त्यामुळे पोरं डावीकडूनच उतरतात आणि शाळा पलीकडे असली की रिक्षेच्या नाकापुढून वळसा घालून थेट रस्त्यात येतात. मला रिक्षा आणि तिच्यामागे लोंबणाऱ्या वॉटरबॅगा एवढंच दिसत होतं. पण रिक्षेच्या खालून, पुढच्या चाकाशी, पांढरे मोजे आणि काळे बूट हलताना दिसले. गाडी थांबवली. दोन सेकंदांनी एक दप्तर बाहेर आलं आणि त्याच्या मागे दुसरीतिसरीतली मुलगी. उभ्या रिक्षेच्या, व्हॅनच्या खालून पाय दिसतात का बघायचं, ही सवय लावून घ्याच. उभ्या बसच्या बाबतीत तर ओव्हरटेक हा शब्दच डोक्यातून काढा.

वेगाचा हिशेब सोपा आहे. ताशी ५० किलोमीटरला गाडी सेकंदाला जवळपास १४ मीटर जाते आणि ब्रेकवर पाय जाईपर्यंत एक सेकंद सहज जातो. कोरड्या रस्त्यावर पूर्ण थांबेपर्यंत २८ मीटरच्या आसपास लागतात. ताशी ३०ला तेच १३ मीटरमध्ये भागतं. त्या पोरीत आणि माझ्यात फार तर दहा मीटर होते, म्हणजे ३०सुद्धा जास्तच झालं असतं. शाळेच्या फाटकासमोर दुसऱ्या गिअरच्या वर जाऊ नका, एवढं धरून चाललं तरी पुरे.

हॉर्नचा उपयोग नाही. शाळेभोवतीचा शंभर मीटरचा टापू शांतता क्षेत्र असतो हा कायदा झालाच, पण त्याहून महत्त्वाचं म्हणजे पोरांच्या घोळक्यावर हॉर्न वाजवला की अर्धी पुढे पळतात आणि अर्धी मागे वळतात. लहान मुलांना येणाऱ्या गाडीचा वेगही ताडता येत नाही. काच खाली करून हाताने ‘जा’ म्हणावं. पण त्याआधी शेजारून कोणी दुचाकीवाला घुसत नाही ना, हे आरशात बघून. आपण थांबलो म्हणजे सगळे थांबले असं पुण्यात कधीच नसतं.

मुलांना उतरवण्याबद्दल. भाची गाडीत बसल्या बसल्या सांगायला लागली, “आत्या, फाटकासमोर नको हं थांबवूस, तिथे सगळे थांबतात.” पोर बरोबर बोलली. फाटकासमोर दोन मिनिटं थांबलेली प्रत्येक गाडी मागच्यांना आडोसा करते. शंभर-दीडशे पावलं आधी किंवा पुढे थांबा, स्वतः उतरा, हात धरून चालत न्या. मागच्या दारांना चाइल्ड लॉक लावा, म्हणजे पोरं मनाने दार उघडणार नाहीत. फुटपाथ ज्या बाजूला असेल त्याच दारातून उतरवा. एकेरी रस्त्यावर डावीकडे-उजवीकडे दोन्हीकडे थांबता येतं, हा एक फायदा. फक्त पार्किंगची पी-१, पी-२ची पाटी आणि आजची तारीख बघा : विषम तारखेला पी-१च्या बाजूला गाडी लावायची, सम तारखेला पी-२च्या.

मला विचाराल तर गाडी आत न्यायचीच कशाला? नंतर मी ती नारायण पेठेत हमालवाड्याच्या पार्किंगला लावून पायी जाऊ लागले. मंडईच्या बाजूने येणाऱ्यांना मिनर्व्हा आणि आर्यनचं पार्किंग आहे. सप्टेंबर २०२४पासून भुयारी मेट्रोही सुरू आहे. कसबा पेठ स्टेशनवरून अप्पा बळवंत चौक आणि मंडईवरून शनिपार आरामात चालत होतं.

दुचाकीवरून सोडणाऱ्यांसाठी : चार वर्षांवरच्या मुलालाही हेल्मेट कायद्याने लागतं. त्याहून लहान मुलासाठी पट्टा आणि हेल्मेट दोन्ही, आणि वेग ताशी ४०च्या आत. फाटकाशी निम्म्याहून जास्त पोरं बोडकीच दिसतात, आई-बाबांच्या डोक्यावर मात्र हेल्मेट. आठवी-नववीतल्या मुलाच्या हातात स्कूटर देणाऱ्यांनी २०१९च्या दुरुस्तीतलं कलम वाचावं : पालकाला २५ हजार रुपये दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद. लायसन्स न लागणाऱ्या कमी वेगाच्या ई-स्कूटर त्यात येत नाहीत, आणि त्या मागून आल्या तर आवाजही येत नाही. वळताना खांद्यावरून मागे बघा.

व्हॅनमध्ये पोरं कोंबलेली दिसली तर व्हॅनवाल्या काकांशी रस्त्यात वाद घालण्यात अर्थ नाही. राज्याच्या २०११च्या स्कूलबस नियमांनुसार शाळेत परिवहन समिती असायला हवी आणि मुख्याध्यापक तिचे अध्यक्ष असतात. गाडीचा नंबर आणि वेळ टिपून तिथे लेखी द्या.

जूनमध्ये जाणार असाल तर जास्तीचा अर्धा तास धरा. शाळा सुरू होतात आणि पुस्तकांची खरेदीही याच रस्त्यावर. वर पाऊस : पोरांच्या रेनकोटच्या टोपीने कान आणि बाजूची नजर दोन्ही झाकलेलं, आपली काच धुरकटलेली. निघतानाच डिफॉगर लावा. गणपतीच्या दिवसांत मांडवांमुळे रस्ता निम्मा उरतो, तेव्हा चारचाकीचा विचारही नको. आणि शनिवारी बऱ्याच शाळा सकाळच्याच असतात, साडेबाराचा सगळा गोंधळ त्या दिवशी दीड-दोन तास आधीच होऊन जातो.