एका शब्दासाठी नेटबाहेर

"सर, पोरं एकमेकांना चिडवतातच. एका शब्दासाठी तीन दिवस नेटबाहेर?"

ऐरोलीत मी मुलांना क्रिकेट शिकवतो. हा प्रश्न दर मोसमात कुणी ना कुणी पालक जाळीपलीकडून विचारतात. काल तुम्हीही विचारलंत, म्हणून सविस्तर सांगतो.

शब्द होता 'छक्का'. सिक्सरला म्हणा, खुशाल म्हणा. पण बाउन्सरला कुणी मान फिरवली की तोच शब्द त्या पोराच्या अंगावर फेकला जातो. त्यामागून येणारे शब्द तर मला लिहवत नाहीत.

फेब्रुवारी 2019 मधली सेंट लुशियाची कसोटी आठवा. वेस्ट इंडिजचा गोलंदाज शॅनन गॅब्रिएल काय बोलला ते स्टंप माइकवर आलं नाही. इंग्लंडचा कर्णधार जो रूटचं उत्तर मात्र आलं. हे शिवी म्हणून वापरू नकोस, समलिंगी असण्यात काही वाईट नाही, असं तो म्हणाला. गॅब्रिएलचं 75 टक्के मानधन कापलं गेलं, आधीचे गैरवर्तनाचे डिमेरिट गुण धरून 4 एकदिवसीय सामने गेले, त्यानं माफीही मागितली. पण मुलांना मी रूटचं उत्तर सांगतो. त्यानं उलट शिवी दिली नाही. आणि 'मी तसला नाही' असंही म्हणाला नाही! आपण सगळे आधी तेच म्हणालो असतो.

"पण आपल्या पोरांत तसं आहे कोण?" कळणार कसं? 2015 मध्ये एनबीएत, म्हणजे अमेरिकेतल्या बास्केटबॉल लीगमध्ये, राजोन रॉन्डो या खेळाडूनं पंच बिल केनेडींना अशीच शिवी दिली आणि त्याच्यावर एका सामन्याची बंदी आली. त्यानंतर केनेडींनी आपण समलिंगी असल्याचं जाहीर केलं. तोवर जगाला ते ठाऊक नव्हतं.

माझ्याकडे एक डावखुरा स्पिनर होता, चौदा वर्षांचा. त्याच्या हातून झेल सुटला, कीपर तो शब्द ओरडला, सगळे हसले. मी "चला, बॉल द्या" म्हणून पुढे गेलो. तो थर्ड मॅनला जाऊन उभा राहिला आणि षटक संपेपर्यंत टोपीची मागची पट्टी काढत-लावत होता. पुढच्या रविवारी आला नाही. फोन केला तर आई म्हणाली, अभ्यास आहे. तो कोण होता हे मला माहीत नाही, आणि ते विचारायचा मला अधिकारही नाही. पण त्या दिवशी खेळ थांबवणं माझं काम होतं, आणि मी ते केलं नाही.

आता थांबवतो. ज्याच्या तोंडून शब्द निघाला तो पॅड उतरवून तीन दिवस माझ्याशेजारी स्कोअर लिहितो. तुमचा मुलगा कालपासून लिहितोय, अक्षर छान आहे. गुरुवारी नवा बॉल त्याच्याच हातात देणार आहे.